सावलीचा रस्ता

आमच्या नांदूरघाटला उन्हाळ्यात पेठेतून निघालेला माणूस सरळ चालत नाही, सावली धरून चालतो. एका दुकानाच्या पत्र्याखालून दुसऱ्याच्या ताडपत्रीखाली, तिथून लिंबाखाली, मग हॉटेलाच्या पडवीत घोटभर पाणी, आणि उरलेलं ऊन डोक्यावर उपरणं टाकून झपाझप पार करायचं. केज तालुक्यातलं एप्रिल-मेचं ऊन ज्यानं अंगावर घेतलं आहे, त्याला दोन पत्र्यांमधलं चार पावलांचं अंतरही लक्षात राहतं. दुकानदार पत्रा पुढं काढतो तो आपल्या मालासाठी. पण जाणाऱ्या-येणाऱ्याला त्याखाली उभं राहू देतो, एवढं खरं.

म्हणूनच मुंबईत एक रस्ता असा आहे, की तिथं नवी इमारत बांधणाऱ्यानं चालणाऱ्याला सावली दिलीच पाहिजे असा सरकारी नियम १८९६ साली निघाला होता, हे वाचलं तेव्हा तो रस्ता पुन्हा बघावासा वाटला. पुन्हा, कारण मी त्याच्यावरून कितीदा तरी गेलो होतो. दादाभाई नौरोजी रोड. मंत्रालयात काम घेऊन आलेला मराठवाड्यातला माणूस सीएसएमटीला उतरतो आणि हुतात्मा चौकाच्या दिशेनं चालू लागतो, तो याच रस्त्यानं. काखेत फाईल आणि डोक्यात अर्जाचा मजकूर. वर मान करून बघायला सवड कुणाला असते? पहिल्यांदा मी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, मागं चालत हा रस्ता पार केला तेव्हा चौदा वर्षांचा होतो. मला आठवतात ते फक्त दगडी खांब आणि खांबांच्या आतली गार फरशी.

या खेपेला दिवाळी उरकून निघालो. भाची मुंबईत वकिलीचं शिकते, तिच्यासाठी करंडीभर सीताफळं घेतली. बालाघाटच्या माळरानावरची ही फळं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हाला ती त्याआधीपासूनच गोड लागत आली आहेत. गावाहून केज, केजहून लातूर आणि लातूरहून रात्रीची मुंबई एक्सप्रेस. गाडी थेट सीएसएमटीला टेकते, म्हणजे त्या रस्त्याच्या अंगणातच. भाची फलाटावर उभी होती. करंडी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "मामा, दोन तर गाडीतच पिकली की." चहा झाला. मी म्हटलं, आधी उलटीकडं जाऊ, रस्ता जिथं सुरू होतो तिथं. मग तिथून शेवटापर्यंत चालत येऊ. दीडेक किलोमीटरचा तर रस्ता.

त्याचं उत्तरेचं टोक म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. जुन्या लोकांच्या तोंडी अजून क्रॉफर्ड मार्केटच. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला महापालिका आयुक्त, १८६५ सालचा. मंडईची इमारत विल्यम एमर्सनच्या आराखड्याप्रमाणं १८६९ मध्ये उभी राहिली. आत शिरण्याआधी दाराच्या कमानींकडं बघा असं मी ऐकून होतो. बघितलं. कमानींच्या पोटात दगडात कोरलेली माणसं आहेत: शेतकरी, त्यांच्या बायका, त्यांचा माल. हे कोरीव काम लॉकवुड किपलिंगच्या हातचं. एका साहेबानं दीडशे वर्षांपूर्वी या शहराच्या सगळ्यात मोठ्या मंडईच्या कपाळावर बसवायला शेतकरी निवडला, याचं मला बरं वाटलं. आणि पुढं त्या मंडईला नाव मिळालं ते 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाचं. १८८३ साली ते पुस्तक लिहून झालं आणि १८८८ साली याच मुंबईत, मांडवीच्या कोळीवाड्यात, लोकांनी जोतीरावांना 'महात्मा' म्हटलं. शहरातल्या नावांच्या पाट्या बदलतात तेव्हा पुष्कळदा नुसती पाटीच बदलते. इथं मात्र नाव दारावरच्या चित्राला शोभतं.

फळांचा घाऊक बाजार १९९६ साली नवी मुंबईत गेला. आता इथं किरकोळ विक्री चालते, पण थाट जुनाच. गवताच्या गादीवर मांडलेल्या सफरचंदांशेजारी सीताफळांची रास होती. भाव विचारला आणि गप्प बसलो. त्या भावातला किती हिस्सा डोंगराच्या पायथ्याशी झाड राखणाऱ्यापर्यंत पोचतो, ते आमच्याकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भाचीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि "चला मामा" म्हणाली.

मंडईच्या समोर जे. जे. कला महाविद्यालय. झाडी एवढी दाट, की बाहेरच्या बसगाड्यांचा आवाज आत शिरताना मंद होतो. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये ही शाळा निघाली. लॉकवुड किपलिंग १८६५ साली इथं शिकवायला आला आणि त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला त्याचा मुलगा रुडयार्ड याच आवारात जन्मला. लोक ती जागा बघायला येतात. मला मात्र जॉन ग्रिफिथ्स हे नाव जास्त जवळचं वाटतं. हे जे. जे.चे दुसरे शिक्षक. १८७२ पासून पुढं बारा-तेरा वर्षं ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. अंधाऱ्या लेण्यांत, वटवाघळांच्या वासात, भिंतीवरची चित्रं कापडावर उतरवून घेत राहिले. त्या मुलांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढं मोठे चित्रकार झाले. विलायतेला पाठवलेल्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत सापडल्या. जे हाती उरलं त्यातून ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरचे दोन जाडजूड खंड १८९६-९७ मध्ये निघाले. मुंबईच्या या रस्त्यावर आणि आमच्या मराठवाड्याच्या डोंगरात एवढी जुनी ये-जा होती हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईचा आमचा संबंध मंत्रालयापुरता, असंच आम्ही समजत आलो.

तिथून दक्षिणेकडं वळलं की डाव्या-उजव्या हाताला एकेक मोठी इमारत उभी ठाकत जाते. अंजुमन-ए-इस्लामची शाळा: बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी १८७४ साली सुरू केलेली, इमारत १८९३ ची. टाइम्स ऑफ इंडियाची इमारत: १८३८ साली 'बॉम्बे टाइम्स' म्हणून निघालेलं आणि १८६१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया' झालेलं वर्तमानपत्र. आमच्या घरी या इमारतीची ओळख वेगळी होती. १८ जून १९६२ रोजी इथून 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाला. आमच्याकडं तो दुसऱ्या दिवशी यायचा, तरी अण्णा गोविंदराव तळवलकरांचा अग्रलेख शिळा समजत नसत. जेवण झाल्यावर ओसरीवर बसून, पेन्सिलीनं खुणा करत वाचायचे. चौदा वर्षांचा असताना आलो त्या दिवशी अण्णांनी मला या दारासमोर थांबवलं होतं हे मला इथं आल्यावर आठवलं. "इथं छापतात," एवढंच म्हणाले होते.

समोर सीएसएमटी. या इमारतीबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे, की मी दोनच गोष्टी सांगतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी १८७८ मध्ये काम हाती घेतलं, ते दहा वर्षं चाललं आणि सोळा लाखांच्या वर खर्च आला. आणि तिच्या दगडांतले मोर, माकडं, पानं, वेली, जाळ्या यांतलं बरंचसं काम मघाच्या त्या जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलेलं. म्हणजे रस्त्याच्या एका टोकाला शिकणाऱ्या हातांनी त्याच रस्त्यावरचं स्टेशन सजवलं. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याकडं निघाली ती याच परिसरातून, बोरीबंदरहून. त्यानंतर बीड शहरात रेल्वे पोचायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. स्टेशनच्या कळसावरच्या प्रगतीच्या पुतळ्याकडं बघताना माझ्या मनात दुसरं काही येऊच शकत नव्हतं. परळीला गाडी होती, आहे. पण जिल्ह्याच्या गावाला इंजिनाची शिट्टी ऐकण्यासाठी पिढ्या वाट बघत बसल्या.

स्टेशनसमोर महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ ची. अंदाजापेक्षा कमी खर्चात पुरी झालेली ही सरकारी इमारत. अंदाज ११ लाख ८८ हजारांचा होता आणि खर्च ११ लाख १९ हजारांचा झाला. पुढं फिरोजशहा मेहतांचा पुतळा. इथं पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं, दोन इमारती एकमेकींकडं बघत उभ्या आहेत. एक रेल्वेची, एक नगराची. दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेल्या, आणि तरी कुणी कुणाची नक्कल केलेली नाही.

इथून पुढं माझा खरा रस्ता सुरू होतो, सावलीचा.

त्याची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. आज ज्याला फोर्ट म्हणतात तिथं खरोखरच कोट होता. तटबंदी, खंदक आणि तीन मोठे दरवाजे: अपोलो गेट, चर्च गेट, बाजार गेट. कोटाच्या आत घरं इतकी दाटीवाटीची, की १८०३ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत मोठा भाग जळून गेला. त्या कोटातला हा रस्ता हॉर्नबी यांच्या नावाचा. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ मुंबईचे गव्हर्नर. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधलं भगदाड बांध घालून बुजवण्याचं काम त्यांच्याच काळातलं. पुढं १८६२ मध्ये बार्टल फ्रेअर गव्हर्नर म्हणून आले. मराठ्यांची भीती संपून चाळीसेक वर्षं झाली होती, तटाचा काही उपयोग उरला नव्हता, आत माणसं गुदमरत होती. फ्रेअर यांनी तट पाडायला काढला.

तेव्हाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या काळ्या मातीतला कापूस बैलगाड्यांतून आणि नव्या रेल्वेनं मुंबई बंदराकडं वाहू लागला आणि शहरात पैशाचा पूर लोटला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, सट्ट्यात बुडालेल्या पेढ्या आणि बँका मागं राहिल्या. पण मधल्या चार वर्षांत शहराला जी उमेद आली ती गेली नाही. तटाच्या जागी रुंद रस्ते आखले गेले, मोकळ्या जमिनीचे भूखंड पाडून विकले, आणि हॉर्नबी रोडला आजची रुंदी मिळाली. म्हणजे या रस्त्याच्या पायात कापूस आहे. ज्यानं तो पिकवला त्याचं नाव इथल्या एकाही कोनशिलेवर सापडायचं नाही. मंडईच्या कमानीतली दगडी माणसं तेवढी त्याची आठवण.

१८८५ ते १९१९ या काळात रस्त्याच्या पश्चिम बाजूला एकामागून एक इमारती उठल्या. मालक निरनिराळे: पारशी शेठ, इंग्रज कंपन्या, विमावाले, दुकानदार. प्रत्येकाला आपली इमारत शेजाऱ्याहून देखणी हवी. कुणी गॉथिक टोकदार कमानी घेतल्या, कुणी ग्रीक खांब, कुणी आपल्याकडचे घुमट आणि छत्र्या. सगळ्यांना हवं ते करू दिलं असतं तर रस्त्याचा नुसता मांडव झाला असता. १८९६ च्या नियमानं एकच गोष्ट सक्तीची केली: तळमजल्यावर रस्त्याच्या अंगाला कमानींची सलग ओवरी सोडायची. खाली चालणाऱ्याची वाट, वर मालकाच्या खोल्या. बाकी नक्षी तुमची, दगड तुमचा, पैसा तुमचा. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. त्यानं मालकाची हौस मारली नाही आणि पायी जाणाऱ्याचा हक्कही सोडला नाही.

पॅरिसला रिव्होली रस्त्यावर नेपोलियनच्या काळात अशाच सलग कमानींचा आग्रह धरला गेला होता. तिथले नियम याहून कडक. हातोडा वापरणारा कारागीर आणि भट्टी लावणारा पाववाला यांना त्या कमानींखाली दुकान घालायलाच बंदी. तेवढं लांब जायचं कारण नाही. माझे आजोबा निजामाच्या राज्यातले, त्यांच्या दृष्टीनं मोठं शहर म्हणजे हैदराबाद, मुंबई परमुलखात. हैदराबादेत मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर शहर नव्यानं आखताना पत्थरगट्टीचा बाजार बांधला गेला, तिथंही दगडी कमानींखाली सावलीतली वाट आहे. आजोबा हैदराबादहून आले की चारमिनारपेक्षा पत्थरगट्टीचं जास्त सांगायचे: "ऊन लागू देत नाही." उन्हाच्या मुलखातल्या माणसाला शहराचं मोठेपण आधी पायाला कळतं.

भाची पुढं, मी मागं, असे आम्ही कमानींखालून निघालो. बाहेर ऑक्टोबरच्या शेवटाचं चिकट ऊन आणि आत एकदम गारवा. आतून चालणाऱ्याला दिसतात ते फेरीवाले: पेनं, घड्याळाचे पट्टे, मोबाईलची कव्हरं, जुनी नाणी. वाट त्यांनी अरुंद केली आहे हे खरंच, पण सावली ही जशी चालणाऱ्याची तशी पोट भरणाऱ्याचीही, असं मला तिथं उभं राहून वाटलं. खांबांवर हात ठेवला. काही ठिकाणी मालाडचा पिवळसर दगड, काही ठिकाणी पोरबंदरचा पांढरा, आणि मध्येच आपला काळा पाषाण. बीडच्या कंकालेश्वराचे खांब ज्या काळ्या दगडाचे, त्याच जातीचा. देवळाच्या मंडपात दुपारी टेकल्यावर पाठीला जो गारवा लागतो तोच इथं हाताला लागला.

एका अग्यारीच्या दारावर पंख असलेले, माणसाच्या तोंडाचे बैल आहेत, प्राचीन इराणातल्या शिल्पांसारखे. परधर्मीयाला आत प्रवेश नाही, म्हणून बाहेरूनच बघायचे. पुढं जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट: १८५६ साली सुरू झालेलं वाचनालय, १८९८ च्या इमारतीत. तिचं जीर्णोद्धाराचं काम इतकं नेटकं झालं, की २०१५ साली युनेस्कोनं त्याचा गौरव केला. मग व्हाइटअवे लेडलॉची इमारत. साहेब लोकांच्या कपड्यालत्त्याचं, विलायती मालाचं हे नामांकित दुकान. स्वदेशीच्या चळवळीनं देश ढवळून निघाला आणि पुढं याच इमारतीत खादी भांडार आलं. लँकेशायरच्या कापडासाठी इथून कापूस गेला आणि त्या कापडाच्या दुकानात चरख्याचं सूत येऊन बसलं. या रस्त्याचा इतिहास एका इमारतीत वाचायचा असेल तर मी हीच दाखवीन.

एक गोष्ट बारकाईनं बघण्यासारखी. इथल्या दुकानांच्या पाट्या कमानीच्या आत, ठरावीक मापात बसवलेल्या दिसतात. दगड झाकून टाकणाऱ्या लखलखीत फलकांची गर्दी बऱ्याच भागात नाही. हे आपोआप झालेलं नाही. मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींसाठी नियमावली झाली आणि त्यानंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकारानं या रस्त्याचा आराखडा तयार झाला. दुकानदारांना एकेकाला समजावून पाट्या उतरवल्या, मापात नव्या लावल्या. २००४ मध्ये या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. सीएसएमटी जागतिक वारसा ठरलं तेही त्याच वर्षी. दुकानदाराला पाटी लहान करायला लावणं किती अवघड असतं, हे ज्यानं कुठल्याही तालुक्याच्या गावची पेठ बघितली आहे त्याला सांगायला नको.

आता आनंद भवन. भाचीचं कॉलेज. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ च्या जूनमध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, आणि मग फोर्टातल्या या वस्तीत, बँका आणि विमा कंपन्यांच्या मधोमध, आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारतींत ते शिक्षण आलं. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना सोयीचे पडावेत म्हणून सकाळचे वर्ग. चार वर्षांनी, १९५० साली, याच संस्थेनं औरंगाबादला महाविद्यालय काढलं, जे पुढं मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. निजामाच्या राजवटीत शाळेचं दार ज्यांच्यासाठी उघडलंच नव्हतं, अशा मराठवाड्यातल्या किती घरांत पहिला पदवीधर त्या कॉलेजनं दिला! भाची मला दारापर्यंत घेऊन गेली. "मामा, पहिल्या दिवशी मी हितंच दहा मिनिटं उभी होते," ती म्हणाली, "आत जायचं धाडस होईना." कमानीखालची जागा तिनं पायानं दाखवली. त्या जागेवर माझंही पाऊल ठेवून मी पुढं निघालो.

रस्ता संपतो तिथं दोन स्मारकं आणि एक पुतळा. पुतळा दादाभाईंचा, बसलेला. ४ सप्टेंबर १८२५ चा जन्म, एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, १८९२ साली फिन्सबरीतून अवघ्या काही मतांनी निवडून येऊन ब्रिटिश पार्लमेंटात बसलेले पहिले हिंदी सभासद, तीनदा काँग्रेसचे अध्यक्ष. हिंदुस्थानातून दरवर्षी किती संपत्ती विलायतेला वाहून जाते याचा हिशोब त्यांनी आकड्यांनिशी मांडला आणि १९०१ मध्ये ग्रंथरूपानं छापला. स्वातंत्र्यानंतर हॉर्नबी यांच्या जागी त्यांचं नाव या रस्त्याला दिलं गेलं. ज्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्या वाहून जाणाऱ्या संपत्तीच्या पेढ्या होत्या, त्या रस्त्याला तो हिशोब मांडणाऱ्याचं नाव. यापेक्षा नेमकं नाव सुचलं नसतं.

फ्लोरा फाउंटन १८६४ चं. पोर्टलँडच्या दगडातली फुलांची रोमन देवी, शिल्पकार जेम्स फोर्सिथ. आधी हे कारंजं भायखळ्याच्या बागेत बसायचं होतं, पण आलं इथं, जुन्या चर्च गेटच्या जागी. अलीकडं ते पुन्हा उजळून चालू केलं आहे. दुरुस्तीच्या काळात जमिनीखाली ट्रामचे रूळ सापडले होते. मुंबईत १८७४ ला घोड्यांची ट्राम आली, १९०७ ला विजेची, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली.

आणि शेजारी हुतात्मा स्मारक. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईसह महाराष्ट्र मागणारे लोक विधिमंडळाकडं निघाले, त्यांना इथं अडवलं, गोळीबार झाला. त्या एका दिवशी पंधरा जण गेले. पुढच्या जानेवारीत पुन्हा गोळ्या. हुतात्मे १०५ ही संख्या आमच्या तोंडी बसलेली, नंतर त्यात आणखी नावं आली. आमचा बीड जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात नव्हताच. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवटीतून सुटून तो हैदराबाद राज्यात राहिला, १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्यानं बिनशर्त सामील व्हायचं ठरवलं, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आजोबांचं शहर हैदराबाद होतं आणि अण्णांचं मुंबई झालं, ते या चौकात पडलेल्या माणसांमुळं. अण्णा त्या दिवशी इथं चप्पल काढून उभे राहिले होते. मीही काढली. भाचीनं माझ्याकडं बघून तिच्या बुटांचे बंद सोडले.

दुपार टळली होती. आम्ही पदपथावरच्या पुस्तकवाल्याकडं थोडं चाळत बसलो, तिनं कराराच्या कायद्याचं एक जुनं पुस्तक घासाघीस करून घेतलं. आता चौकाच्या पोटात मेट्रोचं स्टेशन झालं आहे. ती म्हणाली, दोन मिनिटांत सीएसएमटीला पोचू. मी नको म्हटलं. आलो तसेच कमानींखालून परत गेलो. उजेड तिरका झाला होता आणि प्रत्येक कमानीची सावली फरशीवर लांब पडली होती.

गाडीला वेळ होता. फलाटावर बसून तिनं एक सीताफळ फोडलं. "पावसात या एकदा मामा," ती म्हणाली. "बाहेर धो-धो कोसळत असतो आणि आम्ही स्टेशनापासून आनंद भवनापर्यंत छत्री उघडतो ती फक्त रस्ते ओलांडायला. सगळं शहर त्या ओवरीत उभं असतं. साहेब, हमाल, वकील, सगळे." पाऊस लागला की आमच्याकडं पेरणी लागते, त्यामुळं पावसाळ्यातली मुंबई मी कधी बघितलेली नाही. गाडी हलली तेव्हा ती सोबत चार पावलं चालली. मृगाचा पाऊस वेळेवर पडला तर पेरणी उरकून जुलैत येतो, असं मी तिला खिडकीतून सांगितलं.